बाळाचा श्वास वाजतो तेव्हा: श्वासमार्गाच्या तज्ज्ञापर्यंत कसं पोचायचं आणि तिथे काय विचारायचं

तान्ह्या बाळाच्या स्वरतंतूंखालचा श्वासमार्ग जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्याभोवती कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं, त्यामुळे आतलं अस्तर सुजलं तर सूज बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही, आतच येते. ४ मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की वाट उरते २ मिलिमीटरची. हवेची तीन चतुर्थांश जागा गेली. तेवढ्याच सुजेने मोठ्या माणसाचा फार तर आवाज बसतो. बाळाला मात्र प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो.

बालकांच्या कान-नाक-घसा आणि श्वासमार्गाच्या शस्त्रक्रियेची शाखा वेगळी का झाली, याचं उत्तर या हिशेबात आहे. दुर्बीण वेगळी, नळ्या वेगळ्या, भूल देण्याची पद्धत वेगळी, आजारही बरेचसे वेगळे. आणि रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलायचं ते आई-वडिलांनी. तुम्ही घरी काय ऐकलंत, काय पाहिलंत आणि ते किती नेमकं सांगितलंत, यावर निदानाचा मोठा भाग उभा राहतो. म्हणून या लेखात मी शस्त्रक्रियांपेक्षा त्याआधीच्या तयारीवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी हे वाचा: केव्हा थांबायचं नाही

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर भेटीची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

- ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर, राखाडी पडणं.
- श्वास मधेच थांबणं.
- श्वास घेताना बरगड्यांमधली, बरगड्यांखालची किंवा गळ्याच्या खळगीतली कातडी खोल आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला डोकं हलणं.
- तापलेलं मूल, लाळ गळतेय, गिळता येत नाही, पुढे वाकून हनुवटी वर करून बसलंय. अशा मुलाला आडवं करू नका आणि चमच्याने जीभ दाबून घसा बघू नका. स्वरयंत्रावरचं झाकण सुजलेलं असेल तर तेवढ्या धक्क्याने वाट पूर्ण बंद होऊ शकते. हिब नावाच्या जिवाणूविरुद्धच्या लसीमुळे हा आजार आता खूप कमी दिसतो, पण संपलेला नाही.
- मुलाने चपटा बटण सेल गिळला किंवा नाका-कानात घातला, अशी नुसती शंका येणं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. धडपडत श्वास घेणाऱ्या बाळाचा आवाज अचानक कमी झाला आणि ते मलूल पडलं, तर तो आराम नव्हे. आवाज येण्यासाठी हवा जोरात आत जावी लागते. दमलेल्या बाळात तेवढी ताकद उरत नाही, म्हणून आवाज बंद होतो. "आता शांत झोपलंय" असं घरात कुणी म्हटलं तर आधी छातीकडे बघा.

घरी ऐका, बघा आणि लिहून ठेवा

"बाळ घरघर करतं" एवढ्या वाक्यातून तज्ज्ञाला फारसं काही कळत नाही. घरघर नाकातल्या शेंबडाचीही असते, घशात साचलेल्या दुधाचीही आणि श्वासनलिकेचीही. पुढच्या गोष्टी दोन-तीन दिवस लक्ष देऊन टिपा.

आवाज श्वास घेताना येतो की सोडताना? बाळाच्या पोटावर हळूच हात ठेवा आणि कान लावून ऐका. पोट वर येताना आवाज आला तर तो श्वास घेतानाचा. सर्वात जास्त माहिती याच एका निरीक्षणातून मिळते. श्वास घेतानाच येणारा कर्कश आवाज बहुतेक वेळा स्वरतंतूंपाशी किंवा त्यांच्या वर अडथळा असल्याचं सांगतो. घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा येत असेल तर स्वरतंतूंच्या खालची जागा अरुंद असू शकते, आणि त्याची तपासणी लवकर व्हायला हवी. फक्त सोडताना येणारा आवाज छातीतल्या श्वासनलिकेकडे किंवा फुप्फुसातल्या बारीक नळ्यांकडे बोट दाखवतो.

तो कधीपासून आहे? जन्मल्या दिवसापासून, दोन आठवड्यांनी, की दीड महिन्याचं होईपर्यंत सगळं ठीक होतं आणि मग सुरू झाला? प्रत्येक उत्तराचा अर्थ वेगळा निघतो. सर्दी नसतानाही येतो का? झोपेत वाढतो की रडताना? उताणं ठेवल्यावर वाढून कडेवर उभं धरल्यावर कमी होतो का? इथे एक सावधगिरी. पालथं ठेवल्यावर आवाज कमी होत असला तरी बाळाला झोपवायचं उताणंच. पालथं झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो. काही मोजक्या बाळांना डॉक्टर नजरेखाली पालथं ठेवायला सांगतात, पण तो निर्णय त्यांचा.

दूध पिताना काय होतं, हे वेगळं लिहा. सलग पितं की दोन घोटांनंतर सोडून धापा टाकतं? ठसका लागतो का? पाजायला किती वेळ लागतो? पिताना घाम फुटतो का? वजनाच्या सगळ्या नोंदी तारखेसह काढून ठेवा. आवाज कितीही मोठा असो, वजन नीट वाढत असेल तर बहुतेकदा वेळ हाताशी असते. आवाज बारीक आणि वजन मात्र थांबलेलं, अशा बाळाची मला जास्त काळजी वाटते. श्वास घेण्यातच त्याची ताकद खर्च होत असते.

रडण्याचा आवाज कसा आहे? क्षीण, बसका, घोगरा की खणखणीत? खणखणीत रडण्यावरून निर्धास्त होऊ नका. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्या असतील तर दोन्ही तंतू मधोमध जवळ राहतात. त्यामुळे रडणं जवळपास नेहमीसारखं येतं, पण श्वासाची वाट फटीएवढी उरते. उलट एकच बाजू लुळी असेल तर रडणं क्षीण आणि दुधाला ठसका.

श्वास मोजा तो झोपेत, पूर्ण एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे २ महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला.

आता मागचा इतिहास. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं का? व्हेंटिलेटरवर होतं का, किती दिवस, नळी किती वेळा घातली? हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का? स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून वर येते, त्यामुळे तिथल्या शस्त्रक्रियेत तिला इजा होऊ शकते. अंगावर, विशेषतः हनुवटी, खालचा ओठ, मानेच्या पुढच्या भागावर लाल उठावाचा डाग आहे का? डाग क्षुल्लक वाटतो म्हणून सांगायचा राहतो, आणि कधी कधी सगळा उलगडा त्यातूनच होतो.

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात पोचल्यावर बाळ नेमकं शांत असतं, हा नेहमीचा अनुभव. कपडे वर करून छाती, पोट आणि चेहरा एका चौकटीत येईल असा, चांगल्या उजेडात, आजूबाजूचा टीव्ही-पंखा बंद करून, मिनिटभराचा. एक झोपेतला, एक दूध पितानाचा, एक आवाज सर्वात जास्त असतानाचा. असे तीन व्हिडिओ नेले तर तज्ज्ञाची निम्मी प्रश्नावली तिथेच संपते.

कोणाकडे जायचं

सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञाकडून. साधी सर्दी, दमा, न्यूमोनिया हे तिथेच वेगळे होतात. मोठ्या मुलांचे नेहमीचे कान-घशाचे त्रास कोणताही अनुभवी कान-नाक-घसा तज्ज्ञ उत्तम सांभाळतो. पण पुढच्या परिस्थितीत बालकांच्या श्वासमार्गाचं काम नियमित करणाऱ्या केंद्राकडेच पाठवा, असा आग्रह धरा: तान्ह्या बाळाचा वाजणारा श्वास आणि न वाढणारं वजन, व्हेंटिलेटरवरून काढता न येणारं मूल, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात भोक पाडून बसवलेली नळी) असलेलं मूल, जन्मतः लहान जबडा किंवा फाटलेली टाळू, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि सोबत दुधाचा ठसका, पुन्हा पुन्हा येणारा भुंकल्यासारखा खोकला.

केंद्र निवडताना भव्य इमारत बघू नका, हे प्रश्न विचारा. एवढ्या लहान बाळांच्या श्वासमार्गाच्या शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का? मुलांना भूल देण्यातच काम करणारे भूलतज्ज्ञ आहेत का? मुलांचा स्वतंत्र अतिदक्षता विभाग आहे का? गिळण्याची तपासणी करणारे, पोटाचे, फुप्फुसांचे आणि कान-नाक-घशाचे तज्ज्ञ एकत्र बसून मुलाचा विचार करतात का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. श्वास, गिळणं आणि पोटातलं आम्ल वर येणं या तिन्ही गोष्टी बाळात एकमेकांत गुंतलेल्या असतात. तिघांकडे तीन वेगवेगळ्या दिवशी गेलं की तीन वेगवेगळी औषधं मिळतात आणि पूर्ण चित्र कुणापुढेच येत नाही. चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी दुखावत नाही. एखादी शस्त्रक्रिया आपण क्वचित करतो, असं सरळ सांगून पुढच्या केंद्राचं नाव देणारा डॉक्टर भेटला, तर त्याचं जरूर ऐका.

पहिली भेट: जागेपणीची दुर्बीण

बहुतेक बाळांची पहिली तपासणी बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता होते. बारीक, वाकणारी दुर्बीण नाकातून सरकवून स्वरयंत्र पडद्यावर पाहतात. तान्हं बाळ तुमच्या मांडीवर, डोकं स्थिर धरलेलं. ते रडेल, आणि रडणं इथे उपयोगाचंच असतं, कारण स्वरतंतू हलताना दिसतात. प्रत्यक्ष पाहणं मिनिटभराचं काम असतं. पोट गच्च भरलेलं नसावं, म्हणून तपासणीआधी किती वेळ पाजू नये ते फोनवर विचारून घ्या. पडद्यावरची तपासणी रेकॉर्ड करतात का आणि त्याची प्रत मिळेल का, हेही विचारा. पुढे दुसरं मत घ्यायची वेळ आली तर बाळाला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही.

या दुर्बिणीची मर्यादा समजून घ्या. जागेपणी ती स्वरतंतूंपर्यंतचं चांगलं दाखवते. त्याखालची जागा तिने खात्रीने दिसत नाही. म्हणून "वरचं सगळं ठीक आहे" याचा अर्थ "श्वासमार्ग ठीक आहे" असा होत नाही.

काय निघू शकतं

तान्ह्या बाळाच्या वाजणाऱ्या श्वासामागे सर्वात जास्त वेळा निघतो तो लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्राच्या वरचा भाग मऊ, ढिला असतो आणि श्वास घेताना हवेसोबत आत ओढला जातो. आवाज जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो, ६ ते ८ महिन्यांपर्यंत वाढत जातो आणि बहुतेकांत १२ ते २४ महिन्यांत आपोआप जातो. वाढतोय म्हणून घाबरून डॉक्टर बदलणारे पालक अनेक असतात. आधी वाढून मग कमी होणं हाच त्याचा स्वभाव आहे. या काळात थोडं थोडं आणि उभं धरून पाजणं, पाजल्यावर अर्धा तास सरळ धरणं आणि ठरलेल्या दिवशी वजन करणं, एवढं नेटाने करायचं. आम्ल कमी करणारं औषध डॉक्टरांनी दिलं तरच. वजन थांबलं, छाती सतत खोल ओढली जाऊ लागली, श्वास थांबू लागला किंवा निळेपणा आला तर शस्त्रक्रिया. तोंडातूनच, बाहेर कुठेही छेद न देता, ढिल्या भागाला आखडून ठेवणाऱ्या घड्या सोडवतात आणि जास्तीचा भाग काढतात. याला सुप्राग्लोटोप्लास्टी म्हणतात. बहुतेक बाळांना ती लागत नाही.

दुसरं मोठं कारण म्हणजे स्वरतंतूंखालची जागा अरुंद होणं. काही बाळांत ते जन्मतःच असतं, पण जास्त करून व्हेंटिलेटरच्या नळीने घासून झालेल्या व्रणामुळे. नळीने जीव वाचवलेला असतो, त्यामुळे इथे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. अरुंदपणाचे चार दर्जे मोजतात: ५० टक्क्यांपर्यंत पहिला, ५१ ते ७० दुसरा, ७१ ते ९९ तिसरा आणि वाट पूर्ण बंद असेल तर चौथा. तुमच्या कागदावर "कॉटन-मायर ग्रेड" असं लिहिलेलं दिसेल ते हेच. तो आकडा समजून घ्या, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावर ठरतात.

रक्तवाहिन्यांची गाठ हे तिसरं कारण, आणि ते फसवं आहे. वर विचारलेला लाल डाग याचीच खूण असू शकतो. पहिले काही आठवडे बाळ ठणठणीत, मग महिना-दीड महिन्यानंतर दोन्ही वेळा वाजणारा श्वास. स्टेरॉइड दिलं की कमी होतं, बंद केलं की परत येतं, म्हणून "वारंवार क्रूप" असा शिक्का बसतो. क्रूप म्हणजे विषाणूने स्वरयंत्राभोवती सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला होणं, आणि तो साधारणपणे ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांचा आजार आहे. ६ महिन्यांच्या आत क्रूप म्हणत असतील, किंवा मूल पुन्हा पुन्हा त्यात सापडत असेल, तर आतून बघायला हवं. या गाठीवर २००८ सालापासून उपचारच पालटला. हृदयरोगासाठी वापरलं जाणारं प्रोप्रानोलोल दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या गाठी आक्रसतात, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि पूर्वी जिथे शस्त्रक्रिया करावी लागे, तिथे पुष्कळ बाळं आता औषधाने बरी होतात. रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ते पाजल्यानंतरच द्यायचं. बाळ पीत नसेल तर डोस न देता डॉक्टरांना विचारायचं.

थोड्या मोठ्या मुलाचा आवाज आठवड्यांमागून आठवडे घोगरा राहिला तर बहुधा ओरडण्यामुळे तंतूंवर आलेल्या गाठी निघतात आणि आवाजाच्या व्यायामाने त्या बऱ्या होतात. पण घोगरेपणा वाढतच चालला, आणि श्वासही वाजू लागला, तर स्वरयंत्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय गप्प बसू नका. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांनी तिथे चामखिळीसारखी वाढ होते, ती काढली तरी पुन्हा येत राहते. अशी मुलं दम्याच्या पंपावर काही काळ काढतात आणि पंपाने फरक पडत नाही.

भूल देऊन तपासणी

खालचा श्वासमार्ग नीट बघायचा तर भूल द्यावी लागते. मूल स्वतः श्वास घेत असताना सरळ दुर्बिणीने स्वरयंत्रापासून श्वासनलिका जिथे दुभागते तिथपर्यंत पाहतात, आणि मोजमापाच्या नळ्या घालून रुंदी मोजतात. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही त्याच एका नळीत काम करायचं असतं, म्हणून दोघांची एकमेकांशी सवय असणं महत्त्वाचं. त्या दोघांनी आधी एकत्र काम केलंय का, हे विचारायला संकोच करू नका.

उपाशी ठेवण्याचे सर्वसाधारण नियम असे: पाणी किंवा गाळीव पेय भुलेच्या २ तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध ४ तास, वरचं किंवा पावडरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास, तेलकट-जड खाणं ८ तास. तुमच्या रुग्णालयाने वेगळं सांगितलं तर तेच पाळा. आजीने मायेने भरवलेला एक घासही लपवू नका. भुलेत पोटातलं फुप्फुसात गेलं तर त्याचे परिणाम तारीख पुढे जाण्यापेक्षा कितीतरी वाईट असतात. ताजी सर्दी, ताप किंवा खोकला असेल तर आदल्या दिवशीच कळवा. सर्दीतल्या मुलाचं स्वरयंत्र भुलेत आवळून बंद होण्याची शक्यता वाढते, म्हणून घाई नसलेली शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात.

आत जाण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: "आत काही सापडलं तर त्याच भुलेत उपचार करणार, की बाहेर येऊन आमच्याशी बोलणार?" दोन्ही योग्य असू शकतं, पण ते आधी ठरलेलं हवं.

शस्त्रक्रिया ठरवताना

अरुंद श्वासमार्गासाठी साधारण तीन पायऱ्या असतात. ताजा, मऊ व्रण असेल तर फुग्याने रुंदी वाढवतात. हे एकापेक्षा जास्त वेळा करावं लागू शकतं. व्रण जुना आणि कडक असेल तर कूर्चेचं कडं उभं उघडून त्यात मुलाच्याच बरगडीच्या कूर्चेचा तुकडा बसवतात. जागा जवळजवळ बंद असेल तर तेवढा भाग काढून वरचं-खालचं टोक जोडतात. हे निर्णय घाईने घ्यायचे नसतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटातलं आम्ल, छातीचा संसर्ग आणि वजन आटोक्यात असेल तर ती जास्त टिकते. "थोडं थांबू, वजन वाढू दे" असं तज्ज्ञ म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा टाळत नसतो.

तुम्ही विचारायचं ते हे: काहीच केलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय होईल? याहून लहान उपाय आहे का? शस्त्रक्रियेनंतर किती दिवस नळी आणि अतिदक्षता? आवाजावर परिणाम होईल का? पुन्हा करावी लागण्याची शक्यता कितपत?

श्वासात गेलेली आणि गिळलेली वस्तू

मूल खाताना किंवा खेळताना अचानक ठसकलं, लालबुंद झालं, खोकलं, आणि मग सगळं शांत झालं. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण वस्तू खाली एका बाजूच्या नळीत जाऊन बसली की खोकला काही काळ थांबतो. पुढे दिवस-आठवड्यांनी एकाच बाजूची घरघर, एकाच बाजूचा न हटणारा न्यूमोनिया. शेंगदाणा किंवा प्लास्टिक एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी शंका मिटत नाही. अचानक ठसक्याची हकिगत पक्की असेल, तर तेवढ्यावरूनही दुर्बिणीने तपासणी करणं योग्य ठरतं. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा दुर्बिणीने काढला. नंतर अमेरिकेत शेवालिए जॅक्सन यांनी अशा २,००० हून जास्त वस्तू काढून जपून ठेवल्या. तो संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. ४ वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, हे सांगताना डॉक्टरांच्या मागे एवढा अनुभव असतो.

मूल जोरात खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर मदत बोलावून लगेच सुरू करा: १ वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून पाठीवर ५ थाप, मग उताणं करून छातीवर ५ दाब, आलटून पालटून. १ वर्षावरच्या मुलाला पाठीवर ५ थाप आणि बेंबीच्या वर ५ दाब. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवू नका.

बटण सेलबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. सेल फुटून आतलं रसायन सांडतं म्हणून इजा होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ओल्या अस्तराला टेकताच सेलमधून वीज वाहते आणि त्याच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते. अन्ननलिकेत २ तासांत खोल भाजू शकतं. २० मिलिमीटरचे लिथियम सेल सर्वात घातक, कारण ते लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतात. गिळून १२ तासांच्या आत असाल, मूल १ वर्षावरचं असेल आणि नीट गिळत असेल, तर रुग्णालयाकडे जाता जाता दर १० मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने इजा थोडी मंदावते, पण मधासाठी निघायला उशीर करायचा नाही. १ वर्षाखाली मध अजिबात नाही. उलटी करवू नका. सेल नाकात किंवा कानात असेल तर कोणतेही थेंब घालू नका, ओलाव्याने इजा वाढते.

आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत वस्तू आहे असं धरूनच चाला.

कान आणि टॉन्सिल, थोडक्यात

नवजात बाळाची श्रवणचाचणी १ महिन्याच्या आत, दोष असेल तर निदान ३ महिन्यांच्या आत आणि उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू. "मोठं झाल्यावर बोलेल" या आशेवर हे महिने घालवू नका. गेलेले महिने भाषेतून वजा होतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं आणि ताप-दुखणं नसेल तर बहुधा ३ महिने वाट बघतात, कारण पुष्कळदा ते आपोआप जातं. टिकलं आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट. ती साधारण ६ ते १८ महिन्यांत स्वतःच बाहेर पडते.

टॉन्सिल नुसते मोठे दिसतात म्हणून काढायचे नसतात. वारंवार घसा धरण्यासाठी वापरला जाणारा निकष आहे: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग २ वर्षं दर वर्षी ५, किंवा सलग ३ वर्षं दर वर्षी ३. मूल घोरतं, झोपेत श्वास थांबतो, मान मागे टाकून झोपतं, घामाघूम होतं, अंथरूण ओलं करतं, दिवसा चिडचिडं असतं, तर निर्णय घशाच्या दुखण्यावर नव्हे, झोपेवर होतो. शस्त्रक्रियेनंतर घशात दिसणारा पांढरा थर पू नसतो. रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत किंवा ५ ते १० दिवसांच्या दरम्यान होतो. तोंडातून ताजं लाल रक्त थोडंही आलं तरी रुग्णालय गाठा. वेदनेसाठी सांगितलेलं औषध वजनाप्रमाणे, वेळेवर द्या. कोडीन आणि ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

ट्रॅकिओस्टॉमी घेऊन घरी येताना

गळ्यातली नळी म्हणजे सगळं संपलं, असं अनेक घरांत वाटतं. बऱ्याच मुलांसाठी ती काही काळाची सोय असते. मूल वाढेपर्यंत, वाट दुरुस्त होईपर्यंत. पण ती सांभाळणं ही खरी जबाबदारी आहे आणि शिकल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका. घरातल्या किमान दोघांनी सक्शन (नळीतला स्राव यंत्राने ओढून काढणं), नळी बदलणं आणि नळीतून कृत्रिम श्वास देणं स्वतःच्या हाताने, परिचारिकेसमोर, हात स्थिर होईपर्यंत केलेलं असावं.

एक पिशवी मुलाच्या हाताच्या अंतरावर कायम. त्यात त्याच मापाची जादा नळी, एक माप लहान नळी, बांधायच्या पट्ट्या, कात्री, सक्शनचं यंत्र आणि नळ्या, सलाइन, हाताने दाबायची श्वासाची पिशवी. लहान माप विसरू नका. नळी निघाली आणि भोक आक्रसलं तर तीच आत जाते. मूल अचानक धडपडू लागलं तर क्रम पाठ हवा: सक्शन, वाट मोकळी झाली नाही तर नळी लगेच बदला, तीही जात नसेल तर लहान नळी, सोबत कुणीतरी मदतीला फोन.

पट्टी आणि मान यांत एक बोट जाईल एवढीच जागा. सक्शनची नळी ठरवून दिलेल्या खोलीपर्यंतच, ५ ते १० सेकंद. हवा नाकातून येत नाही, म्हणून ती ओलसर ठेवणारं झाकण लागतं, नाहीतर स्राव वाळून नळी तुंबते. पावडर, धूर, केसाळ कपडे दूर. अंघोळ उथळ पाण्यात. अशा बाळाचं रडणं ऐकू येत नाही, म्हणून त्याला नळी सांभाळता न येणाऱ्या माणसाजवळ एक क्षणही एकटं ठेवायचं नाही, आणि रात्री ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावायचं. तज्ज्ञ योग्य म्हणाले तर एकाच दिशेने हवा जाऊ देणारी बोलण्याची झडप लवकर सुरू करा, म्हणजे आवाज आणि भाषा मागे पडत नाहीत.

फाइलमध्ये एक वेगळं पान

प्रत्येक भुलेनंतर शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ दोघांकडून पुढची माहिती एका कागदावर मागा: श्वासमार्गात काय आढळलं, अरुंदपणाचा दर्जा, कोणत्या मापाची नळी सहज गेली, नळी घालताना अडचण आली का आणि शेवटी कशाने जमलं. पुढे हात मोडला, अपेंडिक्सचं दुखणं निघालं, वेगळ्याच गावात वेगळ्याच डॉक्टरांनी भूल द्यायची वेळ आली, तर त्यांना सर्वात आधी हेच पान लागेल. त्याचा फोटो आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये ठेवा, शाळेत एक प्रत द्या, आणि मुलाचं वजन वाढून नळीचं माप बदललं की जुनं पान काढून नवं लावा.